सिम्युलेटेड रुग्णाची एमएसई घेताना या चुका टाळा

येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पोस्टिंगला जाण्याआधी नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीने सिम्युलेटेड रुग्णासमोर, म्हणजे रुग्णाची भूमिका करणाऱ्या कलाकारासमोर, बसून निदान एकदा तरी पूर्ण एमएसई (मानसिक स्थितीची तपासणी) घेतलेली असावी, असं माझं ठाम मत आहे. वॉर्डातल्या माणसाला भलत्या वेळी भलता प्रश्न विचारला, तर त्रास त्याला होतो. कॉलेजच्या सरावाच्या लॅबमध्ये तोच प्रसंग थांबवून पुन्हा घेता येतो. तरीही दर बॅचला त्याच चुका दिसतात आणि बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: विद्यार्थिनीचं लक्ष समोरच्या माणसाकडे नसतं, फॉरमॅटकडे असतं.

लॅबसाठी लिहिलेली एक भूमिका घेऊ. वय ४८, रिक्षाचालक, शिक्षण चौथी, दोन महिन्यांपासून रिक्षा दारात उभी. निदान विद्यार्थिनीला सांगितलेलं नाही.

ती येते, खुर्ची ओढते आणि सुरू करते, "काका, झोप लागते का? भूक लागते का? रडू येतं का? कानात आवाज येतात का?" काका म्हणतात, "नाही. नाही. हो. नाही." पाच मिनिटांत अर्धा कागद भरतो, पण हाती काही लागत नाही. काका उत्तर द्यायला किती वेळ घेतात, आवाज किती खाली जातो, वाक्य पुरं करतात की मध्येच सोडून देतात, हे कळायला त्यांना बोलू तर द्यायला हवं! आपलं नाव सांगा, विद्यार्थिनी आहात हे सांगा, बोलायला किती वेळ लागेल ते सांगून परवानगी घ्या. मग "काका, गेले काही दिवस कसं चाललंय?" एवढं विचारून गप्प बसा. पहिली दोन-तीन मिनिटं त्यांची. नैराश्यात उत्तर उशिरा येतं. त्या शांततेला घाबरून विद्यार्थिनी पुढचा प्रश्न टाकते आणि येऊ घातलेलं उत्तर मागे जातं.

तपासणी तर त्याआधीच, माणूस दारातून आत येताना सुरू झालेली असते. "पेहराव नीटनेटका, वागणूक सहकार्याची" हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय की ते न बघताच लिहिलंय हे लगेच ओळखू येतं. आमच्या या काकांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात असतं, दाढी वाढलेली असते, ते खुर्चीच्या कडेवर टेकतात आणि बोलताना डावा अंगठा चोळत राहतात. हे सगळं भूमिकेत मुद्दाम पेरलेलं असतं. नोंदीत यातलं काहीच नसेल, तर बाकीची तपासणी कितीही चांगली असो, मी ती पुन्हा करायला लावते.

मूड आणि अफेक्ट यांची गल्लत तर ठरलेलीच. मूड रुग्णाच्या तोंडून यायला हवा, त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत. अफेक्ट म्हणजे तुम्हाला दिसलेलं. काका "बरं आहे की" म्हणतात आणि त्याच वेळी डोळे भरून येतात. अशा वेळी दोन्ही वेगवेगळं लिहा आणि त्यांचा मेळ बसत नाही हेही लिहा. नुसतं "मूड: उदास" लिहिलं की सगळ्यात मोलाची विसंगती हरवते.

विचारांच्या रकान्यातही हाच घोटाळा होतो. "लूझ असोसिएशन" (विचारांचा एकमेकांशी धागा नसणं), "पर्सिक्युटरी डिल्यूजन" (कुणीतरी आपल्या वाईटावर आहे हा पक्का भ्रम) ही नावं झटकन लिहिली जातात, पण रुग्ण नेमकं काय बोलला ते कुठेच नसतं. आधी त्याची दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी उतरवा, नाव त्याखाली. नाव चुकलं तर मॅडम किंवा डॉक्टर वाक्य वाचून दुरुस्त करतील. वाक्यच नसेल तर कोण काय दुरुस्त करणार? श्रद्धेच्या बाबतीत तर जास्तच जपा. अंगात येणं, बाहेरची बाधा, करणी यांवर घरातल्या चार माणसांचा, वस्तीचा विश्वास असेल, तर एका वाक्यावरून तो डिल्यूजन ठरत नाही. "घरच्यांनाही असंच वाटतं का?" हा प्रश्न विचारल्याशिवाय तो शब्द लिहू नका.

दुसऱ्या एका भूमिकेतल्या मावशी सांगतात की शेजारची बाई चहात काहीतरी मिसळते. इथे विद्यार्थिनी दोनपैकी एक करते: "असं काही नसतं हो मावशी" म्हणून समजूत घालते, नाहीतर माना डोलावत "हो का, अरेरे" म्हणते. एकीने वाद ओढवला, दुसरीने होकार भरला. "तुम्हाला हे कशावरून वाटलं?" विचारा. मग "दुसरं काही कारण असू शकेल का?" विचारा, म्हणजे समजूत किती पक्की आहे ते कळेल. मावशींनी थेट विचारलं, "सिस्टर, तुमचा तरी विश्वास आहे ना?" तर म्हणा, "मला तसं दिसलेलं नाही मावशी, पण तुम्ही किती घाबरलाय ते दिसतंय. मला ऐकायचंय."

आता आकलनाच्या चाचण्या. इथे चुका तंत्रातल्या असतात, म्हणून जरा सविस्तर.

चौथी शिकलेल्या माणसाला शंभरातून सात-सात वजा करायला लावायचं आणि अडखळला की "एकाग्रता कमी" लिहायचं, हा अन्याय आहे. तुम्ही त्याची शाळा तपासली, एकाग्रता नाही. वीसपासून उलटे आकडे किंवा आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत मुली मोबाईल नंबर सांगावा तसे जोड्या करून, लयीत आकडे सांगतात. त्यामुळे चाचणी सोपी होऊन जाते. सेकंदाला एक आकडा, एका सुरात.

तीन शब्द लक्षात ठेवायला देताना "खुर्ची, पंखा, टेबल" देऊ नका, ते खोलीतच दिसतात. लिंबू, चावी, पाऊस असे एकमेकांशी संबंध नसलेले द्या, लगेच एकदा म्हणून घ्या आणि पाच मिनिटांनी परत विचारा. परत विचारायचंच राहून जाणं ही या भागातली सर्रास चूक, म्हणून शब्द दिल्याची वेळ कागदावर टिपा.

तारखेचंही तसंच. आजीबाईंना तारीख सांगता आली नाही, पण "आज संकष्टी ना गं" म्हणाल्या आणि खरंच संकष्टी असेल, तर त्यांचं काळाचं भान शाबूत आहे. तसंच नोंदवा. अमूर्त विचारासाठी म्हण विचारताना ती रुग्णाच्या ऐकण्यातली आहे का ते आधी बघा. "नाचता येईना अंगण वाकडं" याचा अर्थ कुणी "अंगण सपाट करायला हवं" असा सांगितला, तर ते उत्तर शब्दशः लिहा. मराठी ज्याची घरची भाषा नाही त्याला म्हण विचारूच नका, संत्रं आणि केळं यांत सारखं काय ते विचारा. आणखी एक: एमएसई आणि ३० गुणांची एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) एक नव्हेत. १९७५ साली फोल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी आणलेली ती छोटी चाचणी फक्त आकलनाची आहे. मूड, विचार, भास, जाणीव यांपैकी तिच्यात काही येत नाही.

इनसाइटपुढे, म्हणजे आपल्याला आजार आहे या रुग्णाच्या जाणिवेपुढे, "आहे" किंवा "नाही" लिहून सोडू नका. आजार साफ नाकारण्यापासून खऱ्या भावनिक जाणिवेपर्यंत तिच्या सहा पायऱ्या शिकवलेल्या असतात. पायरी लिहा आणि ती कुठल्या वाक्यावरून ठरवली तेही लिहा.

सगळ्यात जास्त टाळला जाणारा प्रश्न आत्महत्येचा. टाळला नाही, तर असा विचारला जातो, "तसले काही वाईट विचार येत नाहीत ना?" हा प्रश्न "नाही" हेच उत्तर मागतो. विचारल्याने मनात कल्पना भरेल ही भीती निराधार आहे, संशोधनातही तसं आढळलेलं नाही. उलट अनेकांना कुणीतरी विचारल्याने सुटल्यासारखं वाटतं. पायरीपायरीने जा. "कधी जगणं नकोसं वाटतं का?" उत्तर हो आलं तर "जीवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" मग काही ठरवलंय का, त्यासाठीचं साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का, आणि आजवर कशामुळे थांबलात. आवाज नेहमीचाच ठेवा, नजर कागदावर नको. आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नका. "तुमच्या जिवाला धोका वाटला तर मला डॉक्टरांना सांगावंच लागेल" हे स्पष्ट बोला आणि खरंच लगेच कळवा. लॅबमध्येही कळवणं करून दाखवा: कुणाला, कोणत्या शब्दांत. पोलीसकेसच्या धास्तीने रुग्ण बोलत नसेल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ तुम्हाला माहीत हवं. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं ते गृहीत धरतं.

काही अडचणी मात्र फक्त लॅबमध्येच येतात. रुग्णाच्या भूमिकेत वर्गमैत्रीण असली की दोघींना हसू फुटतं. दुसऱ्या बॅचची मुलगी घ्या, जमल्यास बाहेरची व्यक्ती. "आत्ता आपण कुठे आहोत?" या प्रश्नाला लॅबचं नाव सांगायचं की वॉर्डाचं, हे आधी ठरलेलं नसेल तर ओरिएंटेशनची (स्थळ-काळाच्या भानाची) नोंद निरर्थक होते. काही कलाकार सगळी लक्षणं पहिल्या मिनिटात ओतून मोकळे होतात. त्यांच्या संहितेत "विचारल्याशिवाय सांगू नका" आणि "विश्वास वाटला तरच सांगा" अशा दोन वेगळ्या याद्या हव्यात. १९६३ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी सिम्युलेटेड रुग्णाची ही पद्धत सुरू केली, तेव्हाही त्यांनी एका मॉडेलला रुग्णाची अख्खी भूमिका वठवायला शिकवलं होतं. आपल्याकडे बहुधा अर्ध्या पानाची लक्षणांची यादी हातात देतात, मग कलाकार पहिल्याच वेगळ्या प्रश्नाला अडतो. विस्कळीत विचारप्रवाह किंवा कॅटॅटोनिया (हालचाल, बोलणं गोठून जाणं) कलाकाराकडून खरा वठत नाही. तो वॉर्डातच शिकायचा. नैराश्य, चिंता, संशय, सौम्य उन्माद लॅबमध्ये छान जमतात.

फीडबॅकमध्ये आधी कलाकाराला त्याच्या स्वतःच्या आवाजात विचारा: कोणत्या प्रश्नाला मन मोकळं करावंसं वाटलं आणि कोणत्या क्षणी मिटून घेतलंत? चेकलिस्टमधले गुण त्यानंतर. आणि नैराश्याची भूमिका केलेल्याला तसंच घरी पाठवू नका. भूमिकेची शाल, चष्मा काढून ठेवायला सांगा, त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, चहा घेत दुसऱ्या विषयावर बोला. ज्याच्या घरात आत्महत्या झालेली आहे, त्याला ती भूमिका द्यायची नाही. म्हणून संहिता हातात देण्याआधी प्रत्येकाला एकांतात विचारा आणि नकाराचं कारण मागू नका. भूमिका केल्यावर किंवा बघितल्यावर कुणाला त्रास झालाच, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लॅबच्या फळ्यावर लिहिलेला असू द्या.