गावच्या प्रार्थनेत सगळ्यायचं संगीत कसं बसवायचं

राजेहो, आमच्याकडं सामुदायिक प्रार्थना म्हटली की खंजिरी आलीच, तुकडोजी महाराजांपासूनची सवय हाय, पण वारकरी म्हाताऱ्यायले टाळ-मृदंग पाहिजे अन् पोट्ट्यायले कीबोर्ड. मंग एकदम खिचडी नका करू, आधी एकेकाचं एकेक भजन घ्या.

खरं भांडण पट्टीचं, म्हणजे सूर किती उंच धरायचा त्याचं असते. बुवाले पेटीवरची काळी एक (खालचा सूर) सोपी, बायायले काळी चार (वरचा सूर), म्हणून मधली धरा अन् सगळ्यायनं म्हणायचं धृपद कमी चढउताराचं निवडा, नाहीतर मागच्या रांगेतले लोक गप्प बसतात. कीबोर्डचा रिदम बंदच ठेवा, खंजिरी लय वाढवत जाते अन् मशीन तिथंच अडकून राहते (आमची मोठी फजिती झाली होती).

आजीले जात्यावरच्या दोन ओव्या म्हणू द्या, तेव्हा पेटीही नको.