मराठी मेसेज अर्धाच पोचायचा, त्यावर केलेला जुगाड

जनता वसाहतीत आम्ही बाळांच्या लसीचे रिमाइंडर एसएमएसने पाठवतो, ६, १०, १४ आठवड्यांचे. बायका म्हणायच्या, "अहो ताई, मेसेज येतो पण अर्धाच, लस कधी तेच नाही त्यात." आधी वाटलं त्यांचे बटणवाले फोनच गंडलेत. मग कळलं की इंग्रजीत एका एसएमएसमधे १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना-वेलांटी पण वेगळी मोजतात! लांब झाला की तुकडे पडतात, दुसरा तुकडा कधीकधी येतच नाही. मग नमस्कार-बिमस्कार सगळं उडवलं: "बाळाची लस गुरुवारी सकाळी १०, दवाखाना. कार्ड आणा." पन्नासच्या आत! आता सगळ्यांना पूर्ण दिसतो, एक आजी मात्र अजून फोन करून विचारतात, गुरुवारीच ना गं?