ऐंशीच्या दशकातल्या आवडत्या पॉप गाण्यांची कॅसेट भरताना

सी-६०, म्हणजे साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्या. एका बाजूला ३० मिनिटं, म्हणजे चार-चार मिनिटांची सातच गाणी. आठवं कोंबलंत की शेवटचा कोरस अर्धाच राहतो. ‘बिली जीन’ एकटंच जवळपास पाच मिनिटं खातं, म्हणून बेरीज आधी कागदावर करा.

सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर काही भरलं जात नाही. ती पेन्सिलीने फिरवून पुढे न्या, नाहीतर पहिला ठोका गिळला जातो. आणि पहिलं गाणं ‘टेक ऑन मी’च, यावर वाद नको!

लेव्हलची सुई, म्हणजे आवाज किती जोरात भरला जातोय ते दाखवणारी, गाण्याच्या सर्वांत जोरकस जागी शून्याच्या आसपास ठेवा. फार वर गेली तर आवाज फाटतो, खाली राहिली तर गाण्यामागे सतत ‘हिस्स’. गाणं संपल्यावर तीन सेकंद शांतता भरू द्या, मग पॉज. शेवटी वरच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या दोन टॅब मोडा. चुकून पुसलं जाणार नाही.