मागच्या उजेडात फूल हरवतंय? या चुका टाळा

कास पठारावर सप्टेंबरात फुलांना तोटा नसतो, पण घरी येऊन फोटो उघडले की नजर फुलावर ठरत नाही. सोनकीच्या मागे पांढरंफटक आभाळ, सीतेच्या आसवांमागे कातळावर साचलेल्या पाण्याची चमक, तेरड्याआडून डोकावणारा कुणाचा तरी पिवळा रेनकोट. डोळा आधी जातो तो चौकटीतल्या सगळ्यात उजळ जागी.

ब्लर केलं की झालं

सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, मोठं उघडा, मागचं ब्लर होईल. होतं, पण उजेड काही कमी होत नाही. झाडीच्या फटीतून दिसणारा आभाळाचा ठिपका एफ/८ ला (आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान) बारीक असतो, एफ/२.८ ला त्याचीच मोठी चकती होते आणि पाकळीच्या कडेला चिकटली तर फुलाचा आकारच खाते. त्यामुळे अपर्चरला हात लावण्याआधी स्वतः हला. टेली लेन्स (दूरचं जवळ आणणारी) लावली असेल तर फुलामागचा अगदी छोटा तुकडा चौकटीत येतो, म्हणून वीतभर डावीकडे सरकलात तरी पांढऱ्या आभाळाच्या जागी गर्द झाडी येऊ शकते. शिवाय वाटेवर उभं राहूनच फोटो मिळतो, फुलं तुडवावी लागत नाहीत.

उलट चूकही होते. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते पूर्ण उघड्या अपर्चरचं चित्र. फोटो मात्र एफ/११ ला निघतो आणि मागच्या काड्या खणखणीत उमटतात. निवडलेल्या अपर्चरला चित्र कसं दिसेल ते आधीच दाखवणारं डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण त्यासाठीच दिलेलं असतं. बहुतेकांना ते कुठे आहे हेही माहीत नसतं.

ढगाळ दिवशी जमिनीला टेकणं

निळ्या आभाळाखाली खालचा कोन सुरेख दिसतो. पावसाळी ढगांखाली तोच अंगलट येतो. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर आभाळाला भुलून फूल काळवंडवतो. कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) +१ केलं तर फूल उजळतं, पण आभाळ पार जळतं, म्हणजे नुसतं पांढरं उरतं. दीपकाडी किंवा चवर यांसारखी पांढरी फुलं तर त्यात विरघळूनच जातात. कॅमेरा थोडा वर उचला, क्षितिज फुलाच्या वर जाऊ द्या, म्हणजे मागे हिरवा उतार येईल. आता गडद पार्श्वभूमीसमोर पांढरं फूल आलं, तेव्हा कॉम्पेन्सेशन वजा बाजूला न्यायला विसरू नका.

सगळ्यात स्वस्त उपाय पावसाळ्यात प्रत्येकाच्या हातात असतो: काळी छत्री. सोबत्याला ती फुलामागे दोन-तीन फुटांवर धरायला सांगा. अगदी जवळ धरली तर ओल्या कापडाच्या सुरकुत्या चमकतात. उन्हात ती उघडून तिची सावली फक्त मागच्या गवतावर पाडा. फूल उन्हात, मागचं सावलीत, यासारखी जोडी नाही. छत्री शेजारच्या फुलांवर टेकवू नका, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

पाण्याच्या आणि ओल्या पानांच्या चमकेवर पोलरायझर फिल्टर चालतो. तो फिरवत फिरवत चमक कुठे कमी होते ते पाहा. बदल्यात एक ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पठारावर वारा असतोच, म्हणून शटर मंद करण्यापेक्षा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवा.

फ्लॅशचा हिशोब सोपा आहे. फूल फ्लॅशपासून ३० सेंमीवर आणि मागचं गवत ६० सेंमीवर असेल, तर गवतावर फ्लॅशचा चौथा हिस्साच पोचतो. एफ/११, शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ १०० ठेवलं की ढगाळ उजेडही दबतो आणि मागचं काळं होतं. अधूनमधून ठीक. प्रत्येक फुलाला असंच केलं तर अख्खं पठार मध्यरात्री पाहिल्यासारखं वाटतं.

मोबाइलवर पोर्ट्रेट मोडच्या भरवशावर राहू नका. गवताच्या पात्यांच्या कडा तो वेड्यावाकड्या कापतो. फोनमध्ये टेली लेन्स असेल तर ती वापरा, फुलावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड बोटानेच खाली ओढा.

राहता राहिलं एडिटिंग. रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) पूर्ण जळलेल्या भागात तपशील उरत नाही. हायलाइट, म्हणजे उजळ भाग, खाली खेचले की पांढऱ्याचा मळकट करडा डाग होतो, तो आणखी खुपतो. डाग कडेला असेल तर सरळ क्रॉप करा.