रेडमधली स्पेअर डिस्क वेळेला दगा देऊ नये म्हणून

लिनक्सच्या एमडी रेडमध्ये (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्का एकत्र बांधण्याची सोय) ॲरे, म्हणजे अशा डिस्कांचा संच, धडधाकट असताना एमडीॲडम या आज्ञेच्या ‘ॲड’ने जोडलेली डिस्क आपोआप स्पेअर, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची जागा घेणारी राखीव डिस्क, होते. ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये तिच्या नावापुढे कंसात एस दिसला की बहुतेक जण निर्धास्त होतात. पण डेबियन या लिनक्सवर महिन्याच्या पहिल्या रविवारी चालणारी ॲरे-तपासणीची ‘चेक’ फेरी फक्त चालू डिस्का वाचते. स्पेअरला ती हातही लावत नाही. स्टेपनीतली हवा गेल्याचं पंक्चर झाल्यावर कळावं, तशी गत होते. म्हणून महिन्यातून एकदा स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या आज्ञेने स्पेअरची लाँग टेस्ट (पूर्ण डिस्कची तपासणी) लावा आणि खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) मोजणाऱ्या 5, 197, 198 या क्रमांकांच्या तीन नोंदी बघा. 197 चा आकडा शून्याच्या वर गेला, की ती डिस्क स्पेअर म्हणून ठेवू नका.

नवी डिस्क जोडण्याआधी बॅडब्लॉक्स या आज्ञेची लेखन-चाचणी करा. ती पूर्ण डिस्क चारदा लिहिते, चारदा वाचते. 4 टीबीला अडीच दिवस सहज जातात. डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा डिस्कचं नाव दोनदा तपासा.

मापाचंही बघा. दोन कंपन्यांच्या 4 टीबी डिस्का सेक्टरच्या हिशेबात सारख्या असतीलच असं नाही, आणि किंचित लहान स्पेअर एमडीॲडम सरळ नाकारतो. ॲरे उभारतानाच पार्टिशनच्या शेवटी 100 एमबी मोकळे सोडले, तर ही अडचण येत नाही.

डेस्कटॉपसाठीची डिस्क खराब सेक्टरवर मिनिटभरही अडून बसते. कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र 30 सेकंदच थांबतो, आणि मग बरी डिस्कही ॲरेबाहेर फेकली जाते. एससीटी ईआरसी (डिस्कने खराब सेक्टरवर किती वेळ अडून राहायचं, ती मर्यादा) 7 सेकंदांवर आणा. डिस्कला ते जमत नसेल तर कर्नलचा टाइमआउट 180 सेकंद करा. दोन्ही गोष्टी रीबूटनंतर टिकतील याची खात्री नाही, म्हणून त्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच घाला.

एमडीॲडमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ॲरेच्या ओळीत ‘स्पेअर्स’ 1 लिहा, म्हणजे स्पेअर गायब झाली तर मेल येतो. दोन ॲरेंना एकच ‘स्पेअर-ग्रुप’ दिला तर एकीची स्पेअर दुसरीकडे जाते, पण एमडीॲडमचा मॉनिटर (ॲरेंवर लक्ष ठेवणारा भाग) चालू असेल तरच. त्याच मॉनिटरच्या ‘टेस्ट’ पर्यायाने एक मेल पाठवून तो खरंच पोचतो का, हे आजच बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क कुरकुरायला लागली पण अजून चालते आहे, अशा वेळी तिला आधी ‘फेल’, म्हणजे बाद, करू नका. रेड 5 (एकच डिस्क गेली तरी तगणारा प्रकार) असेल तर त्या क्षणी संरक्षण संपतं, आणि 4 टीबीचं रिबिल्ड, म्हणजे स्पेअरवर डेटा पुन्हा बांधणं, सेकंदाला 150 एमबीच्या वेगानेही साडेसात तास चालतं. तेवढ्यात दुसऱ्या डिस्कवर एक न वाचता येणारा सेक्टर निघाला तरी डेटा धोक्यात येतो. त्याऐवजी एमडीॲडमचे ‘रिप्लेस’ आणि ‘विथ’ हे पर्याय वापरा. जुनी डिस्क जागेवर राहून स्पेअरवर कॉपी होते. जे सेक्टर वाचता येत नाहीत तेवढेच बाकीच्या डिस्कांवरून बांधले जातात. कॉपी संपल्यावर जुनी आपोआप फेल ठरते, मग ‘रिमूव्ह’ करा.

डिस्क ओढून काढताना लिनक्सने डिस्कांना दिलेल्या एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबू नका. रीबूटनंतर ती बदलतात. प्रत्येक ट्रेवर सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक चिकटवून ठेवा आणि स्मार्टसीटीएलने दाखवलेल्या नंबराशी जुळवूनच हँडल ओढा.