जुन्या लोणच्याच्या बरणीची सफाई

वर तपकिरी, खाली पांढरट अशी जुनी चिनी मातीची बरणी माळ्यावरून उतरवली की लगेच पाण्यात बुडवू नका. रिकाम्या, कोरड्या बरणीवर बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर बरणी धड आहे. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. आधी कोणी सांधलेली असेल तर ओल्या फडक्याने नुसती पुसा. भिजवली की सांधा सुटतो.

धड बरणी कोमट पाण्यात साबणाचे ४-५ थेंब टाकून धुवा. कढत पाणी ओतू नका: जाड भिंत आतून तापते, बाहेरून गारच राहते आणि तडकते. बाहेरच्या चिकट तेलकट थरावर ३ चमचे खाण्याचा सोडा आणि १ चमचा पाणी असा लेप १५ मिनिटे ठेवून मऊ फडक्याने काढा. तारेच्या घासणीने झिलईवर, म्हणजे बरणीच्या काचेसारख्या चकचकीत थरावर, ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्यांतच बसतो. ब्लीच आणि फरशीचे ॲसिड तर मुळीच नको.

खरा घात करते ते मुरलेले मीठ. बुडाशी झिलई नसते आणि झिलईला केसासारख्या रेघा असतात. तिथून खारट रस मातीत शिरतो. पावसाळ्यात तो ओलावतो, हवा कोरडी झाली की मिठाचे खडे बनून फुगतो आणि झिलईचे टवके उडवतो. बाहेर पांढरी पूड दिसते ती हीच. पुसून ती जात नाही, काही दिवसांत पुन्हा उगवते. बरणी पूर्ण बुडेल एवढ्या साध्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. ५-७ दिवस लागतात. वाळल्यावर पूड पुन्हा आली तर पुन्हा भिजवा. मग सावलीत आडवी ठेवून २-३ दिवस वाळवा. घाईने कडक उन्हात ठेवू नका.

वास उरला तर १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे सोडा घालून रात्रभर भरून ठेवा.

पुन्हा लोणचे भरायचे असेल तर आधी पाणी भरून वर्तमानपत्रावर २४ तास ठेवा. कागद ओला झाला, किंवा आतल्या झिलईला रेघा असल्या, तर त्यात लोणचे नको. कोरडे धान्य ठेवा. धड बरणीला हिंगाची धुरी द्या, पण निखारा कडेला टेकू देऊ नका. दादरा, म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधायचे फडके, दर वर्षी नवा, धुतलेला सुती. उचलताना एक हात बुडाखाली हवाच.