लॉ सीईटीचा फॉर्म भरताय? या चुका टाळा

सीईटीचा अभ्यास सगळेच करतात, प्रवेशाचे नियम वाचायचे मात्र राहून जातात. चांगले गुण मिळूनही जागा हातची जाते ती यामुळेच.

आधी परीक्षा कोणती, ते पक्कं करा. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं आयएलएस हवं असेल तर राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी द्यावी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेतून प्रवेश देतात. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीही वेगवेगळ्या आहेत.

मग पात्रता. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे खुल्या प्रवर्गाला बारावीत किंवा पदवीला किमान ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? चालते, पण २००८ च्या विधी शिक्षण नियमांतली अट पाहा. बारावी होऊन यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं असेल तर अडचण नाही. बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून थेट बीएला गेला असाल, तर सीईटीत कितीही गुण पडले तरी हा नियम आडवा येतो. नोकरी-संसार सांभाळून शिकलेल्यांवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. तरी नियम आहे तोवर फी भरण्याआधीच तपासा. नंतर कळलं तर वर्ष वाया जातं.

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं समजू नका. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते. कागदपत्रं अपलोड करायची, छाननीत त्रुटी निघाली तर मुदतीत दुरुस्त करायची आणि मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. सर्वाधिक घोळ नॉन-क्रिमीलेअरचा होतो: दाखला असतो, पण गेल्या मार्चपर्यंतचाच. तो प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. सेतू केंद्रात गर्दी व्हायच्या आत नवा काढून ठेवा.

शेवटच्या वर्षाला असलात तरी सीईटी देता येते. प्रवेशाच्या वेळी मात्र निकाल हातात लागतो.

आणि लॉ सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नका. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, लॉ सीईटीत कापत नाहीत.